हात फिरतो, पण काम होते का?



लग्नाच्या मांडवात डीजेवाला तरुण एका कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे ऐकतो, दोन्ही गाण्यांचा ताल जुळवतो, नाचणाऱ्यांकडे पाहून गाणे बदलतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३च्या सुमारास डीजे कूल हर्क यांनी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून लोकांना आवडणारा तुकडा लांबवला. लोकांकडे लक्ष होते, म्हणून हे सुचले.

२०१२ साली कॅनडाचे कलाकार डेडमाऊस यांनी उघड लिहिले की, मोठ्या कार्यक्रमांत बरेचसे आधीच तयार असते. बटण दाबायचे एवढेच. दिवे नि आतषबाजी गाण्याशी जुळवायची तर पूर्वतयारी लागतेच. तीत फसवणूक नाही. पण तयार संगीत चालू ठेवून बटणे फिरवण्याचे नाटक केले, तर टाळ्या न केलेल्या कष्टाच्या मिळतात.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण स्वतःकडे पाहू या. कचेरीत फाईल उघडी ठेवून आपण किती वेळ नुसते बसतो? वर्गात जुनीच टिपणे किती वर्षे वाचून दाखवतो? समोरच्याला कदाचित कळत नाही. आपल्याला मात्र कळते, आणि आपण तेवढ्याच पगारावर सही करतो.