थिनरने मीठ निघत नाही

बोनेटजवळ या, दोघेही. लांबून माना डोलावू नका. या कडेवरून बोट फिरवा. लागतंय काही हाताला? त्यातला एक फोड नखाने उचकटा. आत पाण्याचा थेंब आहे आणि त्याच्याखाली नारिंगी गंज. प्रायमर मारून अजून महिनासुद्धा झालेला नाही.

गाडी जुनी होती म्हणून असं झालं, हे पुन्हा माझ्यासमोर बोलायचं नाही. जुना रंग उतरवला तेव्हा हा पत्रा चांगला होता, मी स्वतः पाहिलाय. गंज तुम्ही आणलात. शुक्रवारी सगळी गाडी एकदम उघडी केलीत, वर ताडपत्री टाकलीत आणि घरी गेलात. शेड खाडीजवळ, शेजारी वलांडीवर बोंबील सुकतायत, वारा थेट समुद्रावरून येतोय. सोमवारी आलात तर गाडी लाल. तेव्हा तरी मला बोलवायचं. तुम्ही एकशेवीसचा पेपर फिरवलात, थिनरचं फडकं मारलंत आणि लगेच स्प्रेगन उचललीत.

थिनरमध्ये मीठ विरघळतं का? सातपाटीसारख्या मासेमारीच्या गावातल्या पोरांना हे मी विचारायचं? थिनरने तेल जातं, ग्रीस जातं. मीठ जातं ते पाण्याने. फडक्याने तुम्ही ते एका जागचं उचललंत आणि अख्ख्या बोनेटवर सारवलंत.

आणि पेपरने तरी काय निघालं? वरची लाली. भिंग घ्या आणि या खड्ड्यांत बघा. सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, तिथे मीठ बसलंय. मिठातलं क्लोराइड लोखंडाला खातं, पण स्वतः संपत नाही. लोखंडाशी जुळतं, पाणी मिळालं की सुटतं, तिथे आम्ल तयार करतं आणि पुन्हा शेजारचं लोखंड धरतं. रंगाचा थर तुम्हाला घट्ट दिसतो, पण त्यातून पाण्याची वाफ आत जातेच. खालचं मीठ ते पाणी ओढून घेतं, थर वर उचलला जातो आणि हा असा फोड येतो. हिवाळ्यात हवा कोरडी असते असं कालच तुमच्यातला एक जण म्हणाला. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तेहतीस-चौतीस टक्के आर्द्रतेतच ओलं होतं. किनाऱ्यावर रात्री हवा कितीतरी जास्त दमट असते. म्हणजे तुमचा उघडा पत्रा त्या तिन्ही रात्री भिजत पडला होता.

मासेमारी बंदीत, 1 जून ते 31 जुलै, तुमच्या घरच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळ खरवडून नीट सुकल्याशिवाय तुमचे वडील रंगाचा डबा उघडू देतात का? मग इथे कसली घाई झाली होती?

ही कोणती गाडी आहे याचाही विचार केला नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेल्या. या बोनेटचा नवा पत्रा तुम्हाला कुठल्या दुकानात मिळणार आहे? शिवाय या गाडीला खाली वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालचा उंबरा, मडगार्डच्या आतल्या बाजू, यांवरच सगळा भार आहे. तिथला गंज पुट्टीने बुजवून वर रंग मारणं म्हणजे आत बसणाऱ्या माणसाला फसवणं. डाव्या उंबऱ्यावर तुम्ही नेमकं तेच केलंय. बोटाने दाबलं तर पुट्टी हलते. ती पूर्ण काढायची, कुजलेला भाग कापायचा आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. पाणी निचरायची भोकं बुजवलीत तीही मोकळी करायची.

मुळात पूर्ण गाडी उघडी करायला मी सांगितलं होतं का? छताचा जुना रंग कारखान्यातला होता, पत्र्याला घट्ट धरून होता. तो खरबरीत करून त्यावर प्रायमर चालला असता. किनाऱ्यावरच्या गाडीचा चांगला रंग उगाच काढणं हा शहाणपणा नाही. जिथे फोड, तडा किंवा जुनी पुट्टी आहे तिथेच पत्र्यापर्यंत जायचं. ग्राइंडर एका जागी धरून ठेवलात म्हणून बोनेटच्या मधोमध निळा डाग पडला आणि पत्रा फुगला, तो आता डेंटरला परत द्यावा लागेल. वायरचा कप तर खड्ड्यातला गंज काढतच नाही, त्याला नुसती चकाकी देतो.

आणि तोंडाला रुमाल बांधून जुना रंग कोरडा घासत होतात, ते मी पाहिलंय. जुन्या रंगांत शिसं असतं. ती धूळ अंगावरच्या कपड्यांतून घरी जाते आणि घरात लहान मुलं आहेत. फिल्टरचा मास्क लावल्याशिवाय यापुढे कोणी पेपर हातात घेणार नाही, आणि घासायचं ते पाणी लावूनच.

उद्यापासून काम असं होईल. आधी पूर्ण गाडी, खालची बाजू आणि मडगार्डच्या आतून, गोड्या पाण्याने धुवायची. नळाचं पाणी घ्या, शेडमागच्या बोअरचं नको, ते मचूळ आहे. मग एकच दार घ्यायचं. ते उघडं करायचं, खड्डे साफ करायचे, पुन्हा गोड्या पाण्याने धुवायचं आणि लगेच हवेने सुकवायचं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सकाळीच काढून ठेवा, नाहीतर हवेबरोबर तेच पत्र्यावर उडेल. उघड्या हाताने पत्र्याला हात लावायचा नाही, घामातही मीठ असतं. शेवटी तेलकटपणा पुसायचा आणि त्याच दिवशी ऊन असतानाच इपॉक्सी प्रायमर मारायचा. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी गरम हवा. संध्याकाळी पत्र्यावर दमटपणा उतरायला लागला की गन खाली ठेवायची.

जेवढं त्या दिवशी झाकता येईल तेवढंच उघडायचं. दुपारी चारला मी येईन. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर प्रायमर असला पाहिजे, आणि बाकीच्या तीन दारांना कोणी हात लावलेला नसला पाहिजे.