ड्रायव्हर, कंडक्टर आणि पाप-पुण्य

शरीर ही जंगम मालमत्ता की स्थावर, हा प्रश्न बी.कॉम.च्या एकाही पेपरात मला कधी आला नाही. तेव्हा आला असता तर मी छातीठोकपणे 'जंगम' असं लिहिलं असतं. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर आज विचाराल, तर उत्तराआधी मला खुर्चीतून उठावं लागेल, आणि तेवढ्यात तुम्हालाच उत्तर कळेल.

आपल्याकडे शरीराचा अभ्यास करायचा तो डॉक्टर होण्यासाठी, आणि व्यायाम करायचा तो तालमीत. व्यायामाचा अभ्यास, तोही कॉलेजात जाऊन, ही कल्पना मध्यमवर्गाच्या पचनी पडत नाही. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास असे, पण त्याचा उपयोग गणिताच्या सरांना पोर्शन पुरा करण्यासाठी होई. त्यामुळे आमच्या ताईच्या मुलानं बारावी सायन्सला बरे मार्क असताना 'मी व्यायामशास्त्राच्या पदवीला जाणार' असं जाहीर केलं, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. "अरे, पळायला डिग्री कशाला? कुत्रं मागे लागलं की पुरतं!" असं आमचे काका म्हणाले. वास्तविक हे शिक्षण काही कालपरवाचं नाही. मद्रासचं वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज १९२० सालचं. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर त्याहून जुनं, १९१४ चं. त्यांच्या पथकानं १९३६ साली थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ करून दाखवले. पण बर्लिनची बातमी आमच्या काकांपर्यंत अजून पोचलेली नाही.

भाचा सुट्टीत घरी आला की त्याच्याबरोबर जाडजूड पुस्तकं येत. स्नायू, हाडं, फुप्फुसं, हृदय, आणि शिवाय तरफेचे तीन प्रकार. फार वेळ बसण्याचे दुष्परिणाम पाठ करण्यासाठी तो सलग चार तास बसलेला मी पाहिला आहे. त्यांच्या शास्त्रातलं एक तत्त्व मात्र माझ्यासारख्या बँकवाल्याला चटकन समजलं. व्यायाम थांबला की त्याचा फायदाही ओसरतो. म्हणजे या खात्यात फिक्स्ड डिपॉझिटची सोयच नाही. कॉलेजात असताना कबड्डी गाजवली, त्याचं व्याज पन्नाशीत मिळेल, हा भ्रम. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना वीस दिवस अंथरुणावर पाडून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा असं दिसलं, की तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या वीस दिवसांनी केलं होतं. हे ऐकल्यापासून रविवारी दुपारी आडवं होताना माझ्या मनाला थोडी टोचणी लागते. झोप लागेपर्यंत राहते.

पण हे सगळं झालं शास्त्र. खरा प्रश्न उभा राहिला तो आमच्या दाजींमुळे.

दाजी, म्हणजे या भाच्याचे वडील, बसचे ड्रायव्हर. चोपन्नाव्या वर्षी छातीत कळ आली आणि बायपास झाली. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक माणूस एका हातात शहाळं आणि दुसऱ्या हातात उपदेश घेऊन येई. "दाजी, जरा चालत जा, म्हणून मी सांगत नव्हतो?" हे सांगणाऱ्यांपैकी निम्मे लिफ्टनं वर आले होते. मलेरिया झाला तर दोष डासाचा. हृदय बिघडलं तर दोष माणसाचा, असा आपला न्याय आहे. आजार हा आजार न राहता एकदम पाप होतं, आणि ज्याची कंबर बारीक तो आपोआप पुण्यवान ठरतो. दाजी बिचारे हे ऐकून छताकडे बघत पडत. ताईची गत आणखी वाईट. "मीच त्यांना भजी तळून घालत होते रे," असं म्हणून ती बाहेर बाकावर डोळे पुसत बसे.

तेव्हा भाच्यानं आपली वही काढली. लंडनला जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या वाहतुकीतल्या सुमारे ३१,००० कामगारांची नोंद ठेवली आणि १९५३ साली निष्कर्ष छापला. दुमजली बसच्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि त्याच बसच्या कंडक्टरांना कमी. मालक एक, रस्ता एक, धूर एक. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. टपाल खात्यातही तेच. पायी आणि सायकलवर हिंडणारे पोस्टमन बरे, टेबलावरचे कारकून वाईट. इथं मी विषय बदलायचा प्रयत्न केला.

"म्हणजे बाबांचा दोष नाही, मामा," भाचा म्हणाला. "दोष सीटचा आहे."

ताईच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात प्रथमच रंग आला. आणि मला वाटलं, कंडक्टरला तरी कुठलं पुण्य? तो काही पहाटे उठून, निश्चय करून जिना चढत नव्हता. वरच्या मजल्यावरचे फुकटे पकडायचे म्हणून चढत होता. त्याचं आरोग्य म्हणजे पगाराबरोबर आलेला भत्ता.

पण पोरगं शास्त्र शिकलेलं, म्हणजे प्रामाणिक. त्यानं पान उलटलं. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली या लोकांच्या गणवेशाच्या पँटींची मापं तपासली, आणि ड्रायव्हरांची कंबर त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे सीटनं माणूस जाड केला, की जाड माणसानं सीट धरली? निकाल पुन्हा लोंबकळला. पलंगावरून दाजी क्षीण आवाजात म्हणाले, "माझ्या पँटीचं माप कुणी विचारलं, तर सांगू नका."

सॉक्रेटिसाचं म्हणणं असं, की चांगलं काय ते ज्याला खरोखर कळलं, तो वाईट करणारच नाही. सॉक्रेटिसाच्या अथेन्समध्ये बहुधा वडापावची गाडी नव्हती. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. कळूनही न वळणारी माणसं त्यानं पाहिली होती. मी त्याच्या बाजूचा. आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं मला तोंडपाठ आहे. पाठ होण्यानं एक कॅलरी जळत नाही.

मग व्यायाम हे कर्तव्य आहे की नाही? मला वाटतं, आहे. पण ते मिरवण्याचं कर्तव्य नव्हे. ज्याच्या वाटेत जिना आहे, त्यानं तो चढावा आणि गप्प बसावं. ज्याच्या नशिबी सीट आली, त्याला उपदेशापेक्षा उठायला फुरसत द्यावी, चालायला धड फूटपाथ द्यावा.

आणि शरीर माझं एकट्याचं, मी वाट्टेल ते करीन, हेही बँकेत चालायचं नाही. हे जॉइंट खातं आहे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. आपण बेपर्वाईनं उचल करत राहायचं, आणि पुढे दवाखान्याच्या बाकावर बसून शिल्लक भरायची ती दुसऱ्या खातेदारानं. त्याची सही न घेता आपण हे व्यवहार करतो, एवढाच माझा मुद्दा. पाप-पुण्याच्या नोंदी वरच्या ऑफिसात होतील तेव्हा होवोत. खाली बायको-मुलांना पासबुक दाखवायची पाळी त्याआधी येते.

मॉरिससाहेब स्वतः नव्याण्णव वर्षं जगले, २००९ साली गेले. त्यांचं पुण्य किती आणि पायऱ्या किती, हा हिशेब मी काढलेला नाही. आमच्या शाखेत रेकॉर्ड रूम वरच्या मजल्यावर आहे. शिपायाला हाक मारायच्या आधी हल्ली मी एकदा त्या जिन्याकडे बघतो. काही दिवशी चढतोही. आणि चढलो, तर कुणाला सांगत नाही.