पुढे पाठवलेल्या संदेशाची जबाबदारी

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. त्याच दिवसांत एक ध्वनिसंदेश फिरत होता : या लसीमुळे मुले पुढे अपत्यहीन होतील. चारकोपमध्ये तो मलाही आला. खरेखोटे ठाऊक नसताना, केवळ ‘खबरदारी म्हणून’ मी तो आमच्या जमातीच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवला. दुसऱ्या दिवशी फज्रच्या नमाजनंतर एक गृहस्थ म्हणाले, “मौलाना, तुम्ही पाठवलंत म्हणून मुलाला आज शाळेतच पाठवत नाही.”

त्यांनी विश्वास संदेशावर नव्हे, माझ्यावर ठेवला होता.

हेतू शुद्ध असला की माणूस जबाबदारीतून मुक्त होतो काय? कर्मांचे मोल हेतूवर ठरते, ही हदीस आपण चटकन पुढे करतो. परंतु अबू दाऊद यांच्या संग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांची आणखी एक शिकवण आहे : वैद्यक न जाणता जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार असतो. येथे विचारणा हेतूची नाही, ज्ञानाची आहे. ‘लस घेऊ नका’ असे सांगणे हादेखील उपचाराचाच सल्ला होय. सूरह निसा (४:८३) भीतीची वार्ता येताच ती पसरवणाऱ्यांना दोष देते व ती जाणकारांपुढे नेण्यास शिकवते.

कोणी म्हणेल, प्रसारमाध्यमांनी आपल्यावर अन्याय केला. मग त्यांचे आरोग्यविषयक सांगणे का मानावे? अन्याय झाला, हे खरे. तबलीगी जमातीविरुद्धच्या प्रचारावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी कठोर टीका केली. पण तेव्हा आपले म्हणणे काय होते? शहानिशा केल्यावाचून बोलू नका. सूरह हुजुरातची (४९:६) हीच आज्ञा आपल्या हातातील भ्रमणध्वनीलाही लागू नाही काय?

२०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला, बालके दगावली. करोनाकाळात चुकलेले लसीकरण हे एक कारण होते. लसीविषयीचा संशय हे दुसरे.

२०१८ मध्येच मी त्या गृहस्थांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. शंकानिरसन झाले, मुलाला लस मिळाली. ज्या गटावर संदेश पाठवला होता, तेथेच चूक कबूल केली. तरीही तो संदेश तेथून आणखी किती घरांत पोहोचला, हे मला कधीच कळणार नाही. इतरांच्या हक्कांशी निगडित चुकीची तौबा केवळ पश्चात्तापाने पूर्ण होत नाही, भरपाईही करावी लागते. पण ज्यांचे पत्तेच ठाऊक नाहीत, त्यांची भरपाई कशी करावी?

म्हणून बोट उचलण्यापूर्वीच थांबावे. अल्लाह आपणा सर्वांना ती सद्बुद्धी देवो. आमीन.