दोन शेतांमधला बांध

परिग्रह वस्तूत नाही, वस्तूवरच्या आसक्तीत आहे, असं उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगून ठेवलं आहे. मग ज्या परंपरेनं परिग्रहाची व्याख्या अशी मनाकडे नेली, तिनंच आम्हा जैन श्रावकांना वस्तू मोजायला का लावल्या? शेत किती, घरं किती, सोनं-चांदी किती, धान्य किती, कपडे आणि भांडी किती, हे आकड्यात ठरवायचं आणि त्या आकड्यापुढे जायचं नाही, हे आमचं पाचवं अणुव्रत, परिग्रह-परिमाण. दोष मनात असेल तर मोजदाद कपाटाची कशासाठी? कम्प्युटरला नवा मॉनिटर घेताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. मला तो किरकोळ वाटत नाही. दुकानातल्या ज्या वस्तूला आज एकही नैसर्गिक मर्यादा उरलेली नाही, तिच्यासमोर उभं राहूनच तो नीट विचारता येतो.

मी सांगलीत पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करतो. दिवसभर समोर देवनागरी मजकूर, पानं, दुरुस्त्या, संध्याकाळी बिलं. जेवणं उरकली की तासभर गेम. कधी गाड्यांची शर्यत, कधी ‘एज ऑफ एम्पायर्स’. मुलगी सुट्टीला घरी आली की ती ‘काउंटर-स्ट्राइक’ हा गोळीबाराचा गेम खेळते आणि मी शेजारी खुर्ची ओढून बघत बसतो. माझा जुना साडेअठरा इंची मॉनिटर डाव्या कोपऱ्यात पिवळा पडला आहे. तिथं कागद पांढरा दाखवलाय की बदामी, हे सांगता येत नाही. तेव्हा नवा घेणं भागच होतं. अडलं होतं ते कोणता आणि कुठपर्यंत, यावर.

‘कुठपर्यंत’ हा शब्द आमच्या घरात आज्जीचा. तिनं एका चातुर्मासात महाराजांसमोर परिग्रह-परिमाण घेतलं होतं. पाठकोऱ्या कागदांची दोऱ्यानं शिवलेली एक वही होती, तिच्यात मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलेलं: लुगडी आठ, पितळेची भांडी इतकी, दागिने एवढेच. नवं लुगडं आलं की आधी जुन्यातलं एक देऊन टाकायचं आणि मगच नव्याची घडी मोडायची. हा क्रम ती कधी उलटू देत नसे. एका दिवाळीला तिच्या धाकट्या भावानं इरकली लुगडं आणलं. देण्यासारखं जुनं तेव्हा तिच्याकडे नव्हतं, सगळी चांगली होती. तो म्हणाला, “आक्का, आमच्याकडंच राहू दे की. तुझं एखादं विरलं की घेऊन जा.” आज्जी म्हणाली, “तुझ्या पेटीत ठेवलंस तरी माझंच झालं की रे ते.” लुगडं परत गेलं.

पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकाची पानं लावताना मला हीच पळवाट बाराव्या शतकातल्या ग्रंथात सापडली. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात या व्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. आम्ही दिगंबर, ते श्वेतांबर, त्यामुळे आज्जीनं तो ग्रंथ पाहिलेला असण्याचा संभव नाही. धान्याचा आकडा भरला म्हणून आणखी धान्य करार करून दुसऱ्याच्याच घरी ठेवायचं आणि आपलं संपलं की आणायचं, हा एक अतिचार. शेतांचा आकडा भरला म्हणून लगतचं शेत घ्यायचं आणि मधला बांध काढून टाकायचा, म्हणजे मोजायला शेत एकच राहतं, हा दुसरा. आकडा पाळला जातो आणि व्रत मोडतं. हे लिहिणाऱ्याला माणसाचं मन आतून ठाऊक होतं, याबद्दल मला शंका नाही.

आता मॉनिटरकडे येतो. साइझ आणि रेझोल्यूशन यांचा विचार मी अक्षरापासून सुरू केला, कारण पोट त्याच्यावर आहे. चोवीस इंचांवर १९२० बाय १०८० घेतलं तर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. तेच रेझोल्यूशन सत्तावीस इंचांवर ताणलं की ८२ उरतात, म्हणजे पडदा मोठा होतो आणि अक्षर विरळ होतं. सत्तावीस इंचांवर २५६० बाय १४४० घेतलं की १०९. हा फरक देवनागरीत लगेच कळतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द जवळजवळ ठेवा आणि पूर्ण पान दिसेल इतका झूम करा. विरळ पडद्यावर पहिल्यातला रफार आणि दुसऱ्यातला अर्धा र हे दोन्ही नुसते करडे ठिपके होतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, आणि गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी छापले जातात. १०९ वर ते दोन्ही आपापल्या आकारात उभे राहतात. फोर-के घेतलं तर १६३ मिळतात आणि अक्षर आणखी देखणं होतं हे खरं, पण गेममध्ये प्रत्येक फ्रेमला ८३ लाख पिक्सेल रंगवायला माझं ग्राफिक्स कार्ड पुरणार नाही, म्हणजे मॉनिटरच्या मागोमाग कार्ड, कार्डाच्या मागोमाग पॉवर सप्लाय. एक वस्तू दुसरीला हाक मारते ती अशी.

पॅनेलचा निर्णय पटकन झाला. व्हीए पॅनेलचा काळा रंग छान गडद असतो, पण अंधाऱ्या दृश्यात हलत्या गोष्टींमागे फरफट दिसते. ओलेड पाहिला तेव्हा मी खरोखर थक्क झालो, इतका तो सुंदर आहे. पण त्यातल्या उपपिक्सेलांची रचना नेहमीच्या पडद्यासारखी नसल्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते, आणि दिवसभर एकाच जागी राहणाऱ्या टूलबारची छाप त्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो. माझ्या कामाला आयपीएस बरा.

खरी कसोटी हर्ट्झमध्ये. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं दाखवतो, तो हा आकडा. माझा जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक चित्र. १४४ हर्ट्झवर हे अंतर ६.९ वर येतं. जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचले, आणि ते डोळ्याला कळतात: नुसता माउसचा बाण फिरवला, लांब पान सरकवलं, तरी कळतात. पुढे २४० हर्ट्झला अंतर ४.२ होतं, वाचले २.८. त्यापुढे ३६० ला २.८, वाचले १.४. आकडा शंभरा-शंभरानं वाढत जातो आणि हाती येणारं अर्ध्या-अर्ध्यानं घटत जातं. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला शेवटच्या त्या दीड मिलिसेकंदाचं मोल असेल. मला नाही. आणि तरीही, हे सगळं गणित कागदावर मांडून झाल्यावरसुद्धा, ३६० चा आकडा वाचताना माझ्या मनात काहीतरी ताठ झालं. ते काही चित्रासाठी नव्हतं, डोळ्यांसाठीही नव्हतं. उमास्वामी ज्याला परिग्रह म्हणतात ते मी त्या क्षणी स्पष्ट पाहिलं, आणि तेव्हा मॉनिटर तर दुकानाच्या काचेपलीकडेच होता.

यावरून कोणी म्हणेल, बघा, आसक्ती वस्तूशिवायही होते, तेव्हा वस्तू असूनही आसक्ती नसू शकेल. मग मोठा घ्या आणि अलिप्त राहा. हे तर्काला धरून दिसतं. जनक राजाचं उदाहरण देऊन आपल्याकडे हे फार गोड शब्दांत सांगितलंही जातं. मला ते मान्य नाही, आणि माझ्या बाजूनं कुंदकुंदाचार्य आहेत. प्रवचनसाराच्या तिसऱ्या अधिकारात ते म्हणतात की शरीराच्या हालचालीनं एखादा जीव मेला तर त्यातून कर्मबंध होईल किंवा होणारही नाही, पण परिग्रहातून बंध नक्कीच होतो, म्हणून श्रमणांनी सगळंच सोडलं. ज्या धर्मात अहिंसा सर्वांत वर, त्या धर्माचा आचार्य हिंसेला ‘होईल किंवा नाही’ म्हणतो आणि परिग्रहाला ‘नक्की’ म्हणतो! पायाखाली मुंगी नकळत येऊ शकते. वस्तू नकळत घरात येत नाही. ती आणावी लागते, ठेवावी लागते, पुसावी लागते, तिच्या वॉरंटीची पावती जपावी लागते. हे सगळं मनाशिवाय घडत नाही. कुंदकुंदांचं बोलणं मुनींसाठी आहे, मी गृहस्थ आहे, मला सगळं सोडता येणार नाही. पण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्यापाशी मिळालं. आसक्ती मनात असते हे खरं, आणि स्वतःच्या मनाबद्दल साक्ष द्यायला माणसाइतका पक्षपाती साक्षीदार दुसरा नाही. ‘मी यात गुंतलेलो नाही’ हे वाक्य सगळ्यांत गुंतलेला माणूसच सगळ्यांत आधी म्हणतो. म्हणून आकडा बाहेर, वहीत, दुसऱ्यांच्या देखत लिहायचा. इच्छा जागी होण्याआधी लिहायचा, कारण जागी झाल्यावर तीच लिहायला बसते.

मी व्रत विधिपूर्वक घेतलेलं नाही, पण आज्जीकडून सवय आली आहे. दुकानात पाऊल टाकण्याआधी वहीत लिहिलं होतं: मॉनिटर एक, सत्तावीस इंचांपर्यंत, वीस हजारांच्या आत.

आणि दुकानदारानं मला एकोणपन्नास इंची वळणदार मॉनिटर दाखवला. ५१२० बाय १४४०. चांगला माणूस आहे, माझं काम जाणतो. म्हणाला, “साहेब, दोन घेण्यापेक्षा हा एकच घ्या. एकीकडे मूळ प्रत, दुसरीकडे पान. मधे पट्टीच नाही.” हा पडदा म्हणजे नेमके दोन सत्तावीस इंची पडदे शेजारी शेजारी, मधली चौकट काढून जोडलेले. मोजायला एक. ज्याला खरोखर दोन पडद्यांचं काम आहे त्यानं दोन लिहावेत आणि हा घ्यावा, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण मी एक लिहिलं होतं. हेमचंद्राचार्यांचं ते लगतचं शेत मला तिथं, शोरूमच्या दिव्यांखाली, बांध काढलेलं दिसलं.

मी सत्तावीस इंची, १४४० चा, आयपीएस, १८० हर्ट्झचा घेतला. १४४ चा मिळत होता, पण त्याचा स्टँड खाली-वर होत नव्हता, आणि मानेचं दुखणं मला आहे. वीस हजारांत थोडे उरले. जुना मॉनिटर नवा जोडण्याआधीच गल्लीतल्या अभ्यासिकेत देऊन आलो. मुलगी म्हणाली, “बाबा, असू दे की घरात, कधी नवा बंद पडला तर?” मी तिला लुगड्याची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट तिला पटली, पण तिनं दुसरा प्रश्न काढला, आणि तो माझ्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. ती म्हणाली, तुम्ही पडद्याचा एवढा विचार केलात, पडद्यावर काय चालतं त्याचं काय? आमच्या लोकांच्या कानांवर लहानपणापासून यशोधराची कथा असते. सोमदेवसूरींनी ती ९५९ मध्ये यशस्तिलकात सांगितली, जन्नानं १२०९ मध्ये कन्नडात. आमच्या घरात म्हातारी माणसं कन्नड बोलत, त्यामुळे ती कथा कन्नडाच्या वाटेनंच आमच्याकडे आली असावी. राजा जिवंत पशूचा बळी द्यायला नकार देतो, आई चंद्रमती म्हणते पिठाचा कोंबडा तरी दे, आणि तो देतो. त्या पिठाच्या कोंबड्यापायी आई आणि मुलगा दोघंही मोर, कुत्रा, मासा असे जन्मामागून जन्म मारले जातात. रक्ताचा थेंब सांडलेला नसताना. तिनं विचारलं, “मग काउंटर-स्ट्राइकमधला माणूस तर पिठाचाही नाही, नुसता उजेड. ते चालतं?”

मी म्हणालो, यशोधरानं तलवार उचलली ती जिवंत कोंबड्याचं फळ मिळावं म्हणून. संकल्प खऱ्या बळीचा होता, पीठ फक्त हातात होतं. तुझा तसा संकल्प नाही. ती म्हणाली, “नाहीच. मी मारत नाही बाबा, मी जिंकते.”

यावर मी कपाटातून अमृतचंद्रसूरींचं पुरुषार्थसिद्ध्युपाय काढलं. अनर्थदंड म्हणजे गरज नसताना लागणारा दोष, आणि त्यातला एक प्रकार अपध्यान, नको ते मनात घोळवणं. काय घोळवू नये याची तिथं यादी आहे: शिकार, जय, पराजय, युद्ध, परस्त्री, चोरी. शिकारीच्या शेजारी जय. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे बुद्धिबळसुद्धा नाही? तुमचं एज ऑफ एम्पायर्स?”

मला वाटतं अमृतचंद्रांचा रोख खेळण्यावर नाही, घोळवण्यावर आहे. डाव संपल्यावर, दिवा मालवल्यावर, त्या हरलेल्या फेरीचा सूड अंथरुणात पडल्यापडल्या मनात फिरत असेल तर ते अपध्यान, मग समोर सोंगट्या असोत की बंदुका. आणि पडदा जितका नितळ, चित्र जितकं सलग, तितकं ते मनात जास्त वेळ राहतं, हेही मला नव्या मॉनिटरवरच्या पहिल्याच रात्री जाणवलं. हर्ट्झची मर्यादा मी डोळ्यांच्या हिशेबानं काढली होती. हा हिशेब त्यात धरलेला नव्हता. मुलीला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, वहीत तासांचाही आकडा लिहा मग, दोघांचा. आम्ही अजून त्यावर भांडतो आहोत: तिचं म्हणणं सुट्टीत दीड तास, माझं म्हणणं तास.