अनृणी आणि स्वगृही

महाभारताच्या वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला जे प्रश्न विचारतो त्यांत सुखी कोण असाही एक प्रश्न आहे, आणि त्याला युधिष्ठिराने दिलेल्या उत्तराचा आशय असा की उशिरा का होईना, नुसती भाजी का होईना, पण जो ती स्वतःच्या घरी शिजवतो, ज्याच्यावर कोणाचे ऋण नाही आणि ज्याला पोटासाठी परमुलखात राहावे लागत नाही, तो सुखी. या उत्तरात स्वगृह, आनृण्य म्हणजे ऋणमुक्तता, आणि अप्रवास अशा तीन अटी सहज शेजारी येतात. त्या एकमेकींच्या आड येऊ शकतील अशी शंकाही तेथे नाही. आजच्या खानदेशात मात्र त्या एकमेकींच्या आड येतात, आणि पुष्कळ घरांत रोज येतात. पारोळा, यावल, साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातल्या गावातून मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जळगावात किंवा धुळ्याच्या देवपुरात येऊन दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या कुटुंबाचा अप्रवास पहिल्याच दिवशी सुटलेला असतो. आनृण्य त्याआधीच, लग्नाच्या, आजारपणाच्या किंवा शिक्षणाच्या कर्जात गेलेले असते. आणि स्वगृहाकडे जाणारा त्यांच्या आवाक्यातला एकमेव रस्ता वीस वर्षांच्या नव्या कर्जातून जातो.

त्या रस्त्याच्या तोंडाशीच एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के रक्कम देऊ शकते, त्याहून मोठ्या कर्जात हे प्रमाण आणखी कमी होते, आणि दहा लाखांहून महाग घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरता येत नाही. म्हणजे 25 लाखांच्या सदनिकेसाठी किमान अडीच लाख रुपये आणि वर हे सरकारी खर्च कुटुंबाने आधी साठवलेले असावे लागतात. या रकमेला सर्वजण डाउन पेमेंट म्हणतात. ती साठवायची ती दरमहा भाडे देत, घरमालकाकडे अनामत अडकवून आणि जुन्या कर्जांचे हप्ते भरत. येथे जो प्रश्न उभा राहतो तो केवळ हिशेबाचा नाही. ऋण अजून डोक्यावर असताना स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवलेला पैसा धर्मदृष्ट्या कोणाचा असतो, साठवणाऱ्याचा की धनकोचा, म्हणजे ज्याने कर्ज दिले त्याचा?

भारतीय परंपरेत ऋणाची कल्पना व्यवहाराच्या कितीतरी पलीकडे गेलेली आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो आणि ते ऋण अध्ययन, यज्ञ व संतती यांनी फेडतो असे सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात माणसांच्या ऋणाची भर घालून ते आतिथ्याने फेडावे असे म्हटले. मनुस्मृतीचा सहावा अध्याय यापुढे जाऊन बजावतो की ही ऋणे फेडल्याशिवाय मोक्षाकडे मन लावणारा खाली जातो. उच्च ध्येय गाठण्याच्या घाईत कोणाचे देणे ओलांडून जाता येत नाही, हा त्या वचनाचा कणा आहे. तोच नियम लौकिक कर्जाला लावला तर निष्कर्ष कठोर निघतो: हे देणे फिटेपर्यंत घराचे नाव काढू नये आणि साठलेली प्रत्येक रक्कम आधी धनकोकडे जावी. कर्ज न फेडणारा पुढच्या जन्मी धनकोच्या घरी दास होऊन राबतो, असा धाक स्मृतिवाङ्मयाने घातला तो याच भूमिकेतून. ऋग्वेदातल्या वरुणाच्या एका सूक्तात आपली ऋणे दूर कर आणि दुसऱ्याच्या कमाईवर जगण्याची वेळ आणू नकोस, अशी जी प्रार्थना येते तिची कळकळही याच जातीची आहे.

हा कठोर पक्ष आदरणीय आहे, पण तो पूर्ण नाही. कर्ज हे मुळात वचन आहे, आणि वचनाचे स्वरूप पाहिल्याशिवाय वचनभंग ठरवता येत नाही. ज्या कर्जाची परतफेड ठरावीक तारखेला ठरावीक हप्त्याने व्हावी असे दोन्ही पक्षांनी मान्य केले, त्यात ऋणकोने दिलेला शब्द हप्त्याचा असतो. या महिन्याचा हप्ता वेळेवर भरल्यावर उरलेल्या पैशावर धनकोचा आजचा हक्क राहत नाही. प्राचीन धर्मशास्त्राला हा भेद ठाऊक होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, म्हणजे एकूण येणे दुपटीच्या पुढे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीत आहे आणि पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंना लागू केला; परंतु ठरल्याप्रमाणे वेळोवेळी दिले जाणारे व्याज या मर्यादेत मोजले जात नसे. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 18 हजारांचा येतो आणि अखेरीस सुमारे 43 लाख रुपये भरावे लागतात, म्हणजे व्याजच मुद्दलाहून अधिक होते. तरीही दामदुपटीचा नियम अक्षरशः मोडत नाही, कारण व्याज साचत नाही, दरमहा चुकते होते. या आकड्याने कोणाचेही मन अस्वस्थ व्हावे. पण त्यातली नैतिक जबाबदारी काळात वाटलेली आहे हेही त्यातूनच दिसते.

बौद्ध परंपरा या ठिकाणी गृहस्थाच्या अधिक जवळ येते. अंगुत्तर निकायात बुद्धाने अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली त्यांत धन असण्याचे, ते उपभोगण्याचे, ऋणमुक्ततेचे आणि निर्दोष आचरणाचे सुख आहे. आणि सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखावा असा उपदेश आहे. राखून ठेवणे हे येथे लोभाचे लक्षण मानलेले नाही. हप्ता भरताना एक रुपयाही बाजूला न ठेवणारे कुटुंब पहिल्याच आजारपणात पुन्हा सावकाराच्या दारात जाते, हे पाहता या उपदेशातला विवेक उघड आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याची आज्ञा आहे, म्हणजे तेथे कर्तव्याचा काही भार धनकोवरही टाकला आहे. मात्र व्याजाचा निषेध पाळणाऱ्या कुटुंबापुढे बँकेच्या कर्जाचा रस्ताच बंद असल्याने घराची सगळी किंमत साठवत राहण्याचे ओझे येते, आणि धुळ्याच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या वस्त्यांत हा प्रश्न तात्त्विक राहत नाही.

तेव्हा खरा भेद कर्ज आणि बचत यांच्यात नसून कर्जाकर्जांत आहे. ज्या देण्याला कागद नाही, तारीख नाही आणि मागण्याची सोय नाही, ते देणे सर्वांत आधी येते. बहिणीने हातउसने दिलेले पैसे, किराणा दुकानदाराची उधारी, भिशी आधी उचलून नंतर थकवलेले हप्ते, या देण्यांत धनको संकोचाने गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याचा लाभ घेऊन डाउन पेमेंट वाढत जाते. बँक विलंबाचा आकार लावते, नोटीस पाठवते, स्वतःचे रक्षण करते. बहीण तसे करत नाही. म्हणूनच तिचे देणे मागे ठेवून साठवलेली रक्कम निर्दोष मानता येत नाही.

घरातलेच, पण घराबाहेर कधीच न बोलले जाणारे असे एक देणे खानदेशात फार मोठे आहे, ते सोन्याचे. जळगावचा सराफ बाजार दूरदूरच्या गिऱ्हाइकांना ओढतो, आणि डाउन पेमेंटला शेवटचे दीड-दोन लाख कमी पडले की पत्नीच्या पोती, पाटल्या सोनेतारणात ठेवल्या जातात किंवा मोडल्या जातात. ही गोष्ट इतक्या सहजतेने होते की तिला कोणी कर्ज म्हणत नाही. धर्मशास्त्र मात्र तिला कर्जच म्हणते. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैद या प्रसंगी पतीने वापरलेले स्त्रीधन, म्हणजे स्त्रीला मिळालेली तिच्या मालकीची संपत्ती, परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. या यादीत घराची खरेदी नाही. आपत्तीत घेतलेले माफ आहे, उत्कर्षासाठी घेतलेले माफ नाही, असा सूक्ष्म विवेक त्या वचनात आहे. 1985 च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्त्रीधन ही स्त्रीचीच संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला. मग ज्या घराच्या खरेदीखतावर केवळ पतीचे नाव आहे आणि ज्याच्या पायात पत्नीचे दागिने गेले आहेत, त्या घराचा सर्वांत जुना धनको घरातच राहतो असे म्हणावे लागते, आणि बँकेचा शेवटचा हप्ता भरला गेला तरी ते ऋण आपोआप फिटत नाही.

पितृऋणाचा लौकिक अर्थही येथे पाहिला पाहिजे. वडिलांचे कर्ज, ते अधर्माच्या कामासाठी घेतलेले नसेल तर, मुलाने फेडावे हे धर्मकर्तव्य हिंदू कायद्याने दीर्घकाळ मानले. 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्यानंतर केवळ त्या कर्तव्याच्या आधारावर मुलावर नव्या कर्जाची वसुली लावता येत नाही. कायद्याने बंधन काढले. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत वडिलांच्या नावावर कापसाचे पीककर्ज थकलेले असताना शहरात घरासाठी साठवणाऱ्या मुलाच्या मनातून ते निघाले आहे असे मात्र दिसत नाही, आणि ते निघू नये असेच या लेखाचे मत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि नैवेद्य दाखवतात. सोने घेण्याचा आणि नव्या वास्तूत जाण्याचा मुहूर्तही तोच. दिवंगतांचे स्मरण आणि स्वतःची नवी खरेदी एकाच दिवशी येत असताना जिवंत वडिलांच्या खात्याची चौकशी त्या दिवशी होऊ नये, हे खटकण्यासारखे आहे.

ऋणाचा सर्वांत व्यापक विचार धुळ्यातच मांडला गेला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी यज्ञ, दान आणि तप यांचा संबंध सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्थांशी जोडला: माणूस या तिन्ही वापरतो, त्यांची झीज करतो, म्हणून ती भरून काढणे त्याच्याकडे लागते. या विचारात दान हा उपकार उरत नाही, ती समाजाच्या ऋणाची परतफेड ठरते. त्यांचे श्रोते घरदार सोडून आलेले कैदी होते, आणि बाराव्या अध्यायात भक्ताचे अनिकेत, म्हणजे घराची आसक्ती नसलेला, असे वर्णन आहे; तरी समाजाच्या देण्यातून कोणालाही, घर असलेल्याला वा नसलेल्याला, सूट मिळालेली नाही.

समाज आणि कर्ज यांचे नाते जळगावने नंतर कडू रूपात पाहिले. गरिबांसाठी घरे बांधण्याच्या पालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबद्दल 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. बरीचशी घरे पुरी झाली नाहीत आणि हुडको या सरकारी गृहवित्त संस्थेच्या कर्जाचा बोजा मात्र अनेक वर्षे महापालिकेवर, म्हणजे कर भरणाऱ्या रहिवाशांवर राहिला. त्यात भाड्याने राहणारेही आले. त्याच शहरातल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, आणि थोड्या अधिक व्याजासाठी तेथे ठेवलेल्या रकमांत कोणाचे निवृत्तिवेतन होते, कोणाच्या मुलीचे लग्न होते, कोणाचे डाउन पेमेंट होते.

या घटनेने वर केलेला एक भेद अपुरा ठरतो. संस्थेचे कर्ज चेहराहीन असते आणि ती स्वतःचे रक्षण करते, असे धरून नातलगाचे देणे आधी ठेवले, ते क्रमापुरते योग्यच आहे. पण साठवणारे कुटुंब ठेव ठेवते त्या क्षणी स्वतःच धनको होते, आणि त्याच संस्थेतून कर्ज घेऊन ते बुडवणारा मनुष्य कार्यालयाचा नव्हे, तर जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा धुळ्याच्या देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, स्वतःचे हप्ते न चुकवता भरणाऱ्या कोणाच्या तरी घराचा ऋणको असतो. तो त्या कुटुंबाला ओळखत नाही, कुटुंबाने त्याच्याकडे कधी काही मागितलेले नाही, तरी कुटुंबाचे देणे त्या बहिणीच्या हातउसन्याइतकेच पहिले आहे.