उरलेल्या पाच गोळ्या



आपल्या बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात अँटिबायोटिकच्या चार-पाच गोळ्या उरलेल्या असतात. ताप उतरला म्हणून घेतल्या नाहीत, टाकवल्या नाहीत म्हणून ठेवल्या. पुढे घरात कुणाला सर्दी झाली की त्याच गोळ्या दिल्या जातात. आमच्या धर्मगुरुनिवासातला डबाही याला अपवाद नाही. कुणी हटकले तर उत्तर तयार असते : ‘ताप माझा, पैसे माझे, गोळी माझी. दुसऱ्याचा काय संबंध?’

या प्रश्नाचा आज थोडा विचार करू या.

सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिक जीवाणूंवर चालते. त्यामुळे त्या गोळीने सर्दी जात नाही. शरीरातील साधे जीवाणू मात्र मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात आणि दुसऱ्याच्या अंगात शिरतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच हा इशारा दिला होता. अशा जीवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार लोक दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हे माणसांपुरतेच नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून अशी औषधे दिली गेली. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध. तेही कोंबड्यांना दिले जात होते. २०१९ साली भारत सरकारने त्यावर बंदी घातली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातही अँटिबायोटिकचे मोठे प्रमाण आढळले होते. माणूस, जनावर आणि पाणी यांचे आरोग्य एकाच धाग्यात ओवलेले आहे.

आपल्या वसईकरांना हे समजायला बावखल पुरेसे आहे. एका बावखलावर शेजाऱ्यांच्या वाड्या शिंपल्या जात. पाणी घ्यायचा हक्क होता, नासवायचा कुणालाच नव्हता. संत थॉमस अक्वायनस हेच शिकवतात : वस्तू आपल्या मालकीची असली, तरी ती वापरताना इतरांच्या गरजेचे भान हवे. गोळी आपण विकत घेतली. तिचा गुण मात्र सर्वांचा आहे.

दयाळू शोमरोन्याला जखमी माणूस वाटेत दिसला. आपला जखमी शेजारी आपल्याला दिसत नाही. तो कुठल्या तरी इस्पितळातले नवजात बाळ असेल, कुणी बाळंतीण असेल. न दिसणाऱ्या शेजाऱ्यावर प्रीती करणे ही आपल्या काळाची कसोटी आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. डॉक्टरांकडे जायचे तर रोज बुडतो, वर फी. म्हणून जो गरीब थेट औषधाच्या दुकानात जातो, त्याला दोष देणे सोपे आहे. त्याला दवाखान्यात सोबत करणे, गरज पडल्यास फीला हातभार लावणे, हे आपले कर्तव्य आहे. त्यावाचून नुसता उपदेश पोकळ ठरेल.

म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये. दिल्यास त्यांनी सांगितले तितकेच व तितके दिवस घ्यावे. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये, कोंबड्यांना घालू नये, बावखलात टाकू नये. आज घरी गेल्यावर आपण सारे तो डबा एकदा उघडून पाहू या. सुरुवात आम्ही आमच्या डब्यापासून करतो.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू