मत्स्यभेदाचा पण

हाती शक्ती नसताना माणूस जो संयम पाळतो, त्याला संयम म्हणण्याचा आपला प्रघात असला तरी ती बहुधा असमर्थताच असते. दुबळ्याने क्षमा केली, निर्धनाने अपरिग्रह पाळला, तर त्यात त्याचे पुण्य किती आणि परिस्थितीचे किती, हे ठरवणे अवघड जाते. खरा प्रश्न उभा राहतो तो शक्ती हाती आल्यावर. जे करणे आता सहज शक्य झाले आहे आणि जे करण्यापासून कोणी अडवीत नाही, त्यातले काय करू नये? हा प्रश्न ग्रंथ चाळताना पडावा, एखाद्या कीर्तनात ऐकू यावा. माझ्यापुढे मात्र तो मासे पकडण्याच्या सामानाच्या एका प्रदर्शनात उभा राहिला, आणि तेव्हापासून त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

वयाची पंच्याहत्तरी ओलांडल्यावर गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेलो होतो. हे राज्य आपल्याला दहा हजार सरोवरांचे म्हणवून घेते. दहा एकरांहून मोठी सरोवरे मोजली तर ती बारा हजारांच्या जवळपास भरतात, तेव्हा ही बढाई नसून विनयच म्हटला पाहिजे. हिवाळ्यात ही सरोवरे वरून गोठतात. पण तळापर्यंत गोठत नाहीत. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे थंड होणारे पाणी प्रथम खाली जाते, पुढे याहूनही थंड झालेले वर राहून गोठते, आणि त्या बर्फाच्या छपराखाली मासे आपला संथ संसार चालू ठेवतात. पाण्याच्या या एका लहरीवर तिकडचे सारे हिवाळी मत्स्यजीवन उभे आहे, आणि तेथील माणसांचा एक मोठा छंदही. बर्फ निदान चार इंच जाड झाला की माणसे त्यावर चालत जातात, हातभर लांबीच्या गिरमिटाने भोक पाडतात, आणि त्यात गळ सोडून तासन् तास बसून राहतात.

या छंदाच्या सामानाचे मोठे प्रदर्शन डिसेंबरच्या आरंभी सेंट पॉल शहरातील रिव्हरसेंटर या प्रशस्त वास्तूत भरते. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, मला थोडी खरेदी करायची आहे, तुम्हीही चला.’’ माझे बालपण मालवणच्या किनाऱ्यावर गेले असल्यामुळे माशांच्या बाबतीत मला फारसा आग्रह करावा लागत नाही. गेलो, आणि दारातच थबकलो. आपल्याकडच्या एखाद्या जत्रेत जेवढी गर्दी असावी तेवढी तेथे होती. फरक इतकाच, की देवाच्या जागी मासा होता आणि तो मात्र कोठेच दिसत नव्हता. वीतदीडवीत लांबीपासून हातभर लांबीपर्यंतच्या काठ्या, टंगस्टनचे तांदळाएवढे गळ, विजेवर चालणारी गिरमिटे, घसरगाडीवर बसवलेले घडीचे तंबू, आत निजण्याची सोय असलेली चाकांवरची घरे! सॉक्रेटिस बाजारातून फिरताना आपल्याला न लागणाऱ्या वस्तू किती आहेत हे पाहून संतोष पावत असे, अशी कथा आहे. मला तो संतोष लाभला नाही. तासाभरातच, ज्या वस्तूंचे अस्तित्वही मला सकाळी ठाऊक नव्हते, त्यांच्यावाचून माझे आजवर कसे चालले असेल असे मला वाटू लागले.

तथापि हौसेचा हा पूर ओसरल्यावर त्या सामानाची मनाशी वर्गवारी करण्याचा मी प्रयत्न केला. फायली हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ही खोड आहे. काही साधने प्राण वाचवण्याची होती : बर्फ ठोकून पाहण्याची लोखंडी पहार, पाण्यात पडल्यास माणसाला तरंगत ठेवणारा पोशाख, आणि दोरीने गळ्यात अडकवायचे दोन अणकुचीदार टोचे, की जे बर्फात रोवून बुडता माणूस स्वतःला ओढून काढू शकतो. यांच्याविषयी कोणीही विचारवंत तक्रार करणार नाही. काही साधने सुखसोयीची होती. १९८० च्या सुमारास डेव्ह गेन्झ नावाच्या मिनेसोटाच्याच एका मासेमाराने घसरगाडीवर घडी घालून नेता येईल असा तंबू रूढ केला. त्यापूर्वी लाकडी खोपटे ओढून न्यावी लागत आणि बहुधा हंगामभर एकाच जागी बसावे लागे. सुखसोयीचा अतिरेक होऊ शकतो, पण उणे वीस अंशांच्या वाऱ्यात तंबू असू नये असे म्हणणारा माणूस स्वतः घरात शेकोटीपाशी बसलेला असला पाहिजे.

तिसरा वर्ग निराळा. ध्वनिलहरी पाण्यात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा हुडकण्याची यंत्रे हौशी मासेमारांच्या हाती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. परंतु ती भोकाच्या थेट खाली काय आहे एवढेच सांगत, आणि तेही रेषांच्या व ठिपक्यांच्या सांकेतिक भाषेत. २०१८ साली गार्मिन कंपनीने ‘लाइव्हस्कोप’ नावाचे यंत्र बाजारात आणले आणि पुढे इतरांनीही तशी यंत्रे काढली. त्यांच्या पडद्यावर मासे हलताना प्रत्यक्ष दिसतात, आणि तेही केवळ खाली नव्हे, तर आजूबाजूला कितीतरी अंतरापर्यंत. यंत्राचा दांडा भोकात घालून फिरवावा, मासे कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे, तेथे जाऊन दुसरे भोक पाडावे. आमिष माशाच्या तोंडापुढे नाचत आहे आणि मासा ते घेऊ की नको या विचारात पडला आहे, हेही पडद्यावर दिसते. त्या विक्रेत्याने एका मुद्रित दृश्यात हे सारे आम्हांला दाखविले. पूर्ण संचाची किंमत दीडदोन हजार डॉलरांच्या घरात होती. मुलाचे डोळे चमकले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘बाबा, घेऊ का?’’

पंचेचाळीस वर्षांच्या मिळवत्या मुलाने बापाला असे विचारावे, यात संस्काराचा भाग होता. उत्तराची अपेक्षा फारशी नसावी. पण मला उत्तर सुचेना. माझ्या मनात आला तो द्रुपदाच्या दरबारातील मत्स्यभेद.

लोकांच्या तोंडी असलेली कथा अशी, की वर फिरणारा मासा, खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब, आणि प्रतिबिंबाकडे पाहून बाण मारायचा. द्रुपदाला मासा हवा होता काय? त्याला मासा मारूनच हवा असता तर त्याने तो हाताशी टांगला असता. ते अंतर, ते फिरणे, ते प्रतिबिंब या अडचणी त्या पणाच्या आड येत नव्हत्या. त्या अडचणी म्हणजेच पण होता. कोणी अर्जुनाला आपोआप नेम धरणारे धनुष्य आणून दिले असते तर मासा पडला असता, पण पण जिंकला असे कोणी म्हणाले नसते. आज सरोवरावरचा माणूसही खाली चमकणाऱ्या प्रतिमेकडेच पाहतो. अर्जुनाच्या पुढची प्रतिमा ही त्याच्यावर घातलेली अट होती. याच्या पुढची प्रतिमा अटीतून मिळालेली सुटका आहे.

येथे मला माझाच युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे, कारण वृद्ध माणसाला नव्याचा राग सहज येतो आणि तो त्याला तत्त्वज्ञान म्हणू लागतो. गिरमिट तरी निसर्गाने कोठे दिले होते? शिवाय मासा डोळ्यांनी पाहणे हाच जर अन्याय, तर त्या प्रदेशातील ओजिब्वे लोकांचे काय? ते पिढ्यान् पिढ्या बर्फावर काळोखी खोपटी घालीत आले. आत अंधार आणि खाली बर्फातून झिरपलेल्या उजेडाने उजळलेले पाणी. लाकडात कोरलेला खोटा मासा पाण्यात नाचवीत ते भाला घेऊन बसत. त्यांनाही मासा दिसतच होता. पण ते एका जागी बसून वाट पाहत होते. मासा यावा किंवा न यावा, हे त्याच्याकडे होते. नव्या यंत्राने हे ‘न येणे’ माशाच्या हातून बरेचसे काढून घेतले आहे. मला वाटते, भेद दिसण्यात नसून येथे आहे.

दुसरा आक्षेप त्याच दुकानापाशी माझ्याच वयाच्या एका गृहस्थाने नकळत उभा केला. तो म्हणाला, ‘‘पूर्वी मी दिवसभर बसत असे. आता गुडघे दोन तासांवर चालत नाहीत. हे यंत्र आहे म्हणून नातवाबरोबर येता तरी येते.’’ त्याला मी कोणता उपदेश करणार? तिसरा आक्षेप आमच्या सौ.चा, तिने तो त्याच रात्री जेवताना काढला. ‘‘तुमचा न्याय-अन्याय माणसांमाणसांतला. माशाला गळ लागायचा तो लागतोच. त्याला कुठे ठाऊक असतं, तुम्ही यंत्र वापरलंत की नाही?’’ या प्रश्नाला निर्णायक उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच सांगता येईल, की एकट्या माशाला फरक पडत नसला तरी माशांच्या मेळ्याला पडतो. क्रॅपी नावाचे मासे हिवाळ्यात खोल डोहांत थव्याने राहतात. तेहतीस फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून मासा एकदम वर ओढला की त्याच्या शरीरातील हवेची पिशवी फुगते, आणि तो दयेने परत सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. म्हणजे ज्याला थवा अचूक सापडतो, त्याला ‘पकडून सोडून देतो’ ही सबबही उरत नाही. त्याने थांबले पाहिजे.

पण थांबवणार कोण? मिनेसोटाचा कायदा उन्हाळ्यात सर्वसाधारणपणे माणशी एकच दोरी आणि बर्फावर दोन दोऱ्या टाकू देतो. दिवसाला किती मासे घ्यावेत यालाही मर्यादा आहे. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या मेजर लीग फिशिंग या संस्थेने २०२५ पासून आपल्या प्रमुख स्पर्धामालिकेत हे यंत्र दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात वापरू देण्याचा नियम केला. स्पर्धेला पंच असतात. निर्मनुष्य सरोवरावर बसलेल्या माणसाला कोण आहे? ऑर्तेगा इ गासेत या स्पॅनिश विचारवंताने १९४२ मध्ये शिकारीवर लिहिताना दाखवून दिले, की शस्त्रे प्रभावी होत गेली तसतसा खरा शिकारी आपल्याच सामर्थ्याला आवर घालीत गेला. कारण शिकारी व सावज यांतील अंतर प्रमाणाबाहेर वाढले की उरतो तो केवळ संहार. आल्डो लिओपोल्ड हा तर आपल्यासारखाच सरकारी अधिकारी. प्रथम वनखात्यात, पुढे मिनेसोटाच्या शेजारच्या विस्कॉन्सिनात प्राध्यापक. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने शिकारीच्या नीतीचे एक वेगळेपण सांगितले आहे : तेथे वाखाणणारा वा धिक्कारणारा प्रेक्षकवर्ग नसतो, माणूस आणि त्याचे मन एवढेच असतात.

हे आठवले तेव्हा मला सेंट पॉलच्या त्या झगमगाटात, पन्नास वर्षांपूर्वीचा एक डाक बंगला दिसू लागला. १९७४ च्या सुमारास मी मध्य प्रदेशात एका दुर्गम उपविभागात नवा अधिकारी होतो. नर्मदेच्या एका उपनदीवर रस्त्याचे काम पाहण्यास गेलो असता रात्री खानसाम्याने ताटात महसीर वाढला. कित्येक महिन्यांनी मासा मिळाला होता; मी मालवणी माणूस तृप्त होऊन जेवलो. सकाळी डोहावर फिरायला गेलो, तो काठाला बोटबोट लांबीची शेकडो पिले पांढरी पोटे वर करून पडलेली. रस्त्यासाठी आणलेल्या सुरुंगाच्या दारूपैकी एक कांडी साहेबांच्या जेवणासाठी डोहात टाकली गेली होती. सुरुंगाने मासे मारणे हा १८९७ च्या कायद्याने गुन्हा होता. त्या भागात तो कायदा राबविण्याचा अधिकार असलेला माणूस मीच होतो, आणि पुरावा माझ्याच पोटात होता. मी काही बोललो नाही. कंत्राटदाराला नाही, खानसाम्याला नाही, दौऱ्याच्या दैनंदिनीतही नाही. परत आलो तेव्हा दैनंदिनीत ‘काम समाधानकारक’ एवढेच लिहिले. मी काही मागितले नव्हते, हे खरे. पण माझा अधिकार माझ्या आधी त्या डोहापर्यंत पोहोचला होता, आणि त्याला परत बोलावण्याचे माझ्या मनातही आले नाही.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही अस्त्र सोडतात. व्यास-नारद मध्ये उभे राहतात तेव्हा अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. सोडण्याची विद्या दोघांनाही होती. परदेशी वा परप्रांती, आप्तांच्या नजरेपासून दूर, ज्यांच्या सहीने पुष्कळ काही घडते अशा आपल्यासारख्यांना या कथेचा अर्थ अधिक सांगायला नको. साधन वाईट की चांगले, हा वाद मला आता गौण वाटतो. त्या गुडघे दुखणाऱ्या गृहस्थाच्या हाती ते यंत्र शोभून दिसेल. दोन मासे घेऊन तो नातवासह घरी जाईल. ज्याला पडदा मिटता येत नाही, त्याच्या हाती साधी काठीही अधिकच आहे.

मुलाला मी यातले काही सांगितले नाही. तो यंत्र हाताळत बराच वेळ उभा राहिला, मग ‘‘पुढच्या वर्षी बघू’’ म्हणाला. किमतीमुळे असावे; श्रेय घेण्याचा मला अधिकार नाही. त्याने एक हाताने फिरवायचे गिरमिट घेतले आणि दोऱ्यांना बांधलेल्या टोच्यांच्या दोन जोड्या. एक त्याने तेथेच माझ्या गळ्यात घातली. घरी परतताना गाडीत मी त्याला त्या डाक बंगल्याची हकीकत सांगितली. आजवर ती मी कोणालाही सांगितली नव्हती. तो काही बोलला नाही. गाडी चालवीत राहिला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘‘जानेवारीत बर्फ धरला की जाऊ, बाबा. दिवसभर बसू.’’